अ आधी, इ मागाहून

घणसोली गावठाणात, पिठाच्या गिरणीच्या वर
माझी खोली. सात ते साडेआठ, इंग्रजी.
गिरणी चालू असली की फळा थरथरतो,
खडूची रेघ आपसूक वाकडी जाते;
ती चूक मी कुणाच्या नावावर मांडत नाही.

ऋतुराज शेलार, माथाडी वसाहतीतला,
तुर्भ्याच्या मार्केटात गाड्यांची नोंद ठेवतो.
त्याने लिहिलं : गेटवर चौदा ट्रक स्टेशनरी.
साहेब म्हणाले, एवढ्या वह्या मागवल्या कुणी?
ट्रक नुसते उभे होते हो, कांद्याचे.
ए-च्या जागी ई पडला
आणि रातोरात कांद्यांच्या पेन्सिली झाल्या.
मी म्हटलं, लक्षात ठेव,
एका जागी उभं राहायचं तर ए,
'एका'तलाच.

लूज आणि लूझ.
ढिल्या लूजला दोन ओ, ऐसपैस, जुन्या पायजम्यासारखे.
हरवण्याच्या लूझला एकच.
दुसरा कुठे गेला, मॅडम?
हरवला, बाळा. म्हणून तर.

रेहाना मुकादम, रबाळ्याच्या नर्सिंग होममधली.
तिला लिहायचं होतं की मी इथे बरीच खूश आहे,
क्वाइटचं झालं क्वाएट.
मी इथे गुपचूप खूश आहे.
लाल पेन उचललं,
आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं.
मग दुरुस्त केलं.
फी त्याचीच घेते मी.

काल वनिता मढवी वडिलांना घेऊन आली.
हसुराम मढवी, वय त्यांनाही नक्की ठाऊक नाही.
त्यांच्या भाताच्या खाचरांवर आता
तीन मजली पार्किंग आहे.
जिना चढताना प्रत्येक पायरीला थांबले,
चपलांना पीठ.
पिशवीतून तिने लॅमिनेट केलेला दाखला काढला,
प्रकल्पग्रस्ताचा, इंग्रजी प्रत.
पोराच्या अ‍ॅडमिशनला लावायचाय, मॅडम,
खिडकीवरचा म्हणतो स्पेलिंग बघून घ्या.

फोटोखाली टाइप केलेलं : प्रोजेक्ट इफेक्टेड पर्सन.

मी फळ्याकडे वळले, सवयीने.
अफेक्ट म्हणजे झळ लागणं.
इफेक्ट म्हणजे त्या झळेचं जे काही मागे उरतं ते.
आपल्या मुळाक्षरांत बघा, अ आधी, इ मागाहून.
आधी घाव, मग वण.
इथे अ हवा होता, वनिता.
आणि हे असंच ठेवलं तर?
मग अर्थच फिरतो.
इफेक्ट क्रियापद झालं की घडवून आणणं, बनवणं.
म्हणजे, मी म्हटलं,
प्रकल्पाने बनवलेला माणूस.

इतका वेळ गप्प होते हसुराम.
"मंजे परकल्पान मना बनवला?"
"हो, तसा अर्थ होईल."
"मंग बरोबर हाय क."

ऋतुराज आधी हसला, मग सगळे.
म्हातारा तर डोळे पुसत हसला.
वनिता हसली नाही.
मी फळा पुसायला घेतला
आणि फक्त इ पुसून थांबले.

अर्ज मीच लिहिला :
एक अक्षर बदलून मिळावे, ही विनंती.
खाली त्यांनी अंगठा उठवला.
अंगठ्यात स्पेलिंग चुकत नाही.
दाराशी वळून विचारलं त्यांनी,
अक्षर बदलला तं काय बदलंल?
फॉर्म घेतील, बाबा, चला.

ती दोघं उतरत होती तेवढ्यात गिरणी बंद झाली.
फळा स्थिर. रेघ सरळ आली, जरा परकी वाटली.
उद्यासाठी लिहून ठेवलं : बॉरो, लेंड.
आपल्याकडे दोन्हीला उसनंच,
घेणाऱ्याचंही, देणाऱ्याचंही,
म्हणून पोरं नेहमी अडकतात.
कुठलाही शब्द धरा, मी त्यांना सांगते,
दोन्हीत वस्तू परत करायची असते.